चहापार्टीसाठी घरच्या घरी साच्यातली साखर: फुलं, पानं, चांदण्या

गुलबक्षी

नमस्कार मंडळी,

पुढच्या महिन्यात घरी वीसेक जणांना चहाला बोलावलंय. चहा बिनसाखरेचा ठेवायचा, दूध वेगळं, आणि साखर मात्र टेबलावर नटूनथटून मांडायची असा बेत आहे. छोटे गुलाब, पानं, चांदण्या. तयार मिळतात हे माहीत आहे, पण मला त्या घरीच करायच्या आहेत. चहासोबत खायला कितीही पदार्थ ठेवले तरी पाहुणा स्वतःच्या हाताने उचलून कपात टाकतो ती वस्तू एकच, साखर. तिच्यावर घेतलेली मेहनत वाया जात नाही असं माझं ठाम मत आहे.

आता प्रश्न. साखर कोणती घ्यायची? पाणी किती? साचे सिलिकॉनचे बरे की कडक प्लास्टिकचे? रंग कधी आणि कसा घालायचा? आणि किती दिवस आधी करून ठेवता येईल? कोणी केलं असेल तर अगदी बारीकसारीक तपशिलासकट लिहा, मला वाचायला आवडेल.

चहाटळ

वाचनखूण साठवली. तुमच्या तोंडात साखर पडो, तीही गुलाबाच्या आकाराची! फोटो हवेतच.

मृद्गंधा

गुलबक्षी, मी हे बऱ्याचदा करते, त्यामुळे जरा सविस्तर लिहिते.

२०० ग्रॅम बारीक दाण्याची साखर, दोन छोटे चमचे पाणी. म्हणजे १० मिली, बस. इतक्याशा पाण्याने काय होणार असं वाटेल, पण हात आवरा. पाणी एकदम ओतू नका. थोडं थोडं शिंपडून बोटांच्या टोकांनी साखर चोळत राहा. गुठळी दिसली की फोडा. तीन-चार मिनिटं हे केलं की साखरेचा रंग किंचित गडद दिसायला लागतो आणि ती किनाऱ्यावरच्या ओल्या वाळूसारखी होते. मूठ आवळून उघडा. बोटांचे ठसे जसेच्या तसे राहिले, तर झालं. मूठ उघडताच ढासळली तर पाण्याचे दोन-चार थेंब अजून. तळहात चिकट आणि चकचकीत झाला तर पाणी जास्त झालंय, मूठभर कोरडी साखर घालून पुन्हा चोळा.

आता साचा. पूर्ण कोरडा हवा. खळग्यात आधी चिमूटभरच साखर घालून बोटाने कडाकोपऱ्यांत दाबायची, मग वर भरायची आणि चमच्याच्या पाठीने घट्ट दाबायची. सगळा खेळ या दाबण्याचा आहे. गुलाबाच्या पाकळ्यांची कड नीट उठते ती पहिल्या चिमटीमुळे, नंतरच्या साखरेमुळे नाही. वर आलेली साखर सुरीच्या पाठीने सपाट कापून घ्या, तळ सरळ झाला की वडी बशीत नीट बसते.

कडक साचा असेल तर त्यावर बटर पेपर, त्यावर ट्रे, आणि सगळं एकदम उलटं. साच्यावर चमच्याने टकटक करून सरळ वर उचला, तिरका नको. सिलिकॉनचा असेल तर साच्यातच तीन-चार तास राहू द्या, वरची बाजू टणक झाली की मागून हलकेच ढकलून काढा आणि उलट्या बाजूने वाळवा. उघड्यावर एक रात्र पुरते. हवा दमट असेल तर अख्खा दिवस धरा.

रिकामा_कप

ताई, फार छान लिहिलंय. एक बाळबोध शंका: बारीकच हवी तर सरळ पिठीसाखर का नको? नक्षी जास्त सुबक येईल ना?

तोळामासा

@रिकामा_कप, पिठीसाखर नको, आणि त्याला कारण आहे.

तयार पिठीसाखरेत गुठळ्या होऊ नयेत म्हणून बहुतेक वेळा कॉर्नफ्लोर मिसळलेलं असतं. ते चहात विरघळत नाही, चहा गढूळ होतो. घरी दळलेली शुद्ध पिठी घेतली तरी दुसरी अडचण उभी राहते. मुळात वडी जमते कशी ते बघा: पाण्यात प्रत्येक दाण्याचा फक्त वरचा थर विरघळतो. दोन दाणे टेकतात तिथे हा पाक साचतो. पाणी उडून गेलं की त्या पाकातली साखर पुन्हा स्फटिक होऊन बसते आणि दाण्यादाण्यांत पूल तयार होतात. वडीला धरून ठेवतात ते हे पूल. मध्ये मोकळ्या फटी राहतात, आणि त्या फटींतूनच गरम चहा आत शिरतो म्हणून वडी पटकन सुटते.

पिठीसाखरेत दाणे इतके लहान असतात की फटी जवळजवळ बुजतात. वडी दगडासारखी होते आणि कपाच्या तळाशी बसून राहते. पाणी जास्त पडलं तरी थोड्याफार फरकाने हेच: पाक जास्त, पूल जाड, वरून काचेसारखं कवच आणि आत ओल अडकलेली.

म्हणून मधला मार्ग. जाड दाण्याची साखर असेल तर मिक्सरला अगदी क्षणभर, थांबून थांबून फिरवा. दाणा डोळ्यांना दिसला पाहिजे, पण बारीक. फिरवल्यावर चाळून पिठी वेगळी काढलीत तर उत्तमच.

मृद्गंधा

तोळामासा, हे पूल प्रकरण फार आवडलं. कमी पाण्याची वडी चहात लवकर विरते हे दर वेळी दिसायचं, त्यामागचं कारण आज कळलं.

केवडा_७

इतिहासाची थोडी भर घालतो. हे तंत्र ज्याला चौकोनी साखरेच्या वडीचा जनक मानतात त्याचंच आहे. याकुब क्रिस्टोफ राड, आज चेक प्रजासत्ताकात असलेल्या दाचित्से गावातल्या साखर कारखान्याचा व्यवस्थापक. त्या काळी साखर उंच शंकूच्या आकाराच्या ढेपेत यायची आणि घरोघरी ती हातोडीने किंवा खास चिमट्याने फोडावी लागायची. ढेप फोडताना त्याच्या बायकोच्या, युलियानाच्या, बोटाला जखम झाली आणि तिने सारख्या मापाचे तुकडे का करत नाहीस असं विचारलं, ही कथा प्रसिद्ध आहे. राडने साखर दळून, ओलसर करून साच्यात दाबली आणि वाळवली. १८४३ साली त्याला पेटंट मिळालं. दाचित्सेत आज त्या वडीचं स्मारक उभं आहे, चौथऱ्यावर पांढराशुभ्र घन.

गंमत अशी की शंकूची ढेप हीसुद्धा साच्यातलीच साखर. मातीच्या शंकूत गरम पाक ओतायचे, टोकाला भोक असायचं, आणि त्यातून मळी हळूहळू निथळून जायची.

चहाटळ

म्हणजे साखरेच्या वडीमागे एका बाईचं कापलेलं बोट आहे. आता चमच्यापेक्षा वडीच घेणार, युलियानाबाईंचा मान म्हणून.

सांजवेळ

साच्याच्या मापाबद्दल कोणी बोललं नाही म्हणून लिहिते. साधारण चौकोनी वडी ४ ग्रॅमची धरतात, म्हणजे एक छोटा चमचा साखर, सोळाएक कॅलरी. बेकिंगच्या सामानात मिळणारे सुंदर गुलाबाचे साचे पुष्कळदा चॉकलेटसाठी केलेले असतात. त्यात १२-१५ ग्रॅम साखर सहज मावते. असा एक गुलाब कपात पडला की तीन चमचे साखर झाली! पाहुणा अर्धा गुलाब तोडून टाकणार, किंवा गोडमिट्ट चहा मुकाट्याने पिणार.

माप घ्यायची सोपी रीत: खळग्यात छोट्या मोजमापी चमच्याने पाणी भरा. एक चमचा, ५ मिली, म्हणजे दाबून भरलेली साखर ४ ते ५ ग्रॅम. त्याहून मोठा साचा घेऊच नका. अर्ध्या चमच्याचा मिळाला तर फारच चांगलं, कमी गोड पिणाऱ्यांची सोय होते आणि बशीत दोन छोटी फुलं शोभूनही दिसतात.

गुलबक्षी

सांजवेळ, हे तुम्ही वेळेवर सांगितलंत. मी निवडलेला साचा आत्ताच मोजला, साडेतीन चमचे पाणी मावलं. तो रद्द. चांदण्यांचा एक चमच्याचा आहे, तो ठेवते, आणि गुलाबाचा छोटा शोधते.

मृद्गंधाताई, ओव्हन वापरला तर चालेल का? हवा सध्या दमट आहे.

मृद्गंधा

मी ओव्हनच्या विरोधात आहे. घाईने वाळवलेल्या वडीला वरून पापुद्रा येतो.

तोळामासा

ताई, इथे मी थोडा असहमत. तापमान फार ठेवलं तर तुम्ही म्हणता तसं होतं. पण ९० ते १०० अंश सेल्सियसला दहा-पंधरा मिनिटं ठेवून, ओव्हन बंद करून, दार किंचित उघडं ठेवून आतच गार होऊ दिलं तर वड्या एकसारख्या वाळतात. एवढ्या उष्णतेने साखर तपकिरी होत नाही. फक्त कडक प्लास्टिकचा साचा आत जाऊ द्यायचा नाही. वड्या बटर पेपरवर काढून मगच ट्रे आत सरकवायचा. सिलिकॉनचा साचा थेट चालतो. मायक्रोवेव्हच्या भानगडीत मात्र पडू नका, एखाद्याच जागी साखर जास्त तापते आणि वितळते.

दमट हवेबद्दल एक आकडा लक्षात ठेवा. शुद्ध साखर साधारण ८५ टक्के सापेक्ष आर्द्रतेपर्यंत हवेतलं पाणी फारसं ओढून घेत नाही. त्यापुढे मात्र घेते. म्हणजे भर पावसात खिडकीजवळ ठेवलेली वडी वाळण्याऐवजी उलट ओली होते. हवा कोरडी होण्याची वाट बघत बसण्यापेक्षा त्या दिवशी ओव्हन बरा.

मृद्गंधा

पावसाचं मान्य. कोरड्या हवेत मात्र माझं मत तेच. पंख्याखाली एक रात्र, मध्ये एकदा उलटवून. पृष्ठभाग जो मऊसूत आणि किंचित चमचमता येतो तो ओव्हनला येत नाही.

पाऊलवाट

उघड्यावर रात्रभर ठेवणार असाल तर मुंग्यांचं काय ते आधी बघा. त्यांना आमंत्रण लागत नाही. मोठ्या परातीत थोडं पाणी, त्यात उलटी वाटी, वाटीवर ट्रे. ट्रे परातीच्या कडेला टेकता कामा नये. वरून पातळ मलमलचं कापड, तेही कडेने लोंबून पाण्याला टेकू द्यायचं नाही.

रिकामा_कप

पांढरी साखर सोडून ब्राऊन शुगर किंवा मध घालून करता येईल का? जरा आरोग्यदायी वाटेल पाहुण्यांना.

सांजवेळ

ब्राऊन शुगरची होते, पण तिच्यात मळी असल्याने ती ओल धरून ठेवते. पाणी निम्म्याहून कमी लागतं, वाळायला वेळ दुप्पट, आणि वडी मऊच राहते. सोनेरी रंग मात्र फार देखणा. आवडत असेल तर निम्मी पांढरी निम्मी ब्राऊन असं करून बघा. मधाने जमत नाही. त्यात फ्रुक्टोज भरपूर, ते हवेतलं पाणी ओढतं, वडी कायम चिकट.

आणि आरोग्यदायी वगैरे काही नाही हो, शेवटी साखरच. ज्याला गोड नको त्याला बिनसाखरेचा चहा मनापासून द्यावा, आग्रह करू नये.

नीलमोहर

रंगाबद्दल लिहिते, हा माझ्या आवडीचा भाग.

जेल रंग असेल तर टूथपिकच्या टोकावर येईल इतकाच, आणि तो आधी त्या दोन चमचे पाण्यात पूर्ण विरघळवून घ्या. साखरेत थेट टाकला तर एकेक दाणा गडद होऊन ठिपके पडतात. द्रवरूप रंग वापरलात तर तेवढं पाणी कमी करा, हे विसरलं जातं. ओली साखर नेहमी गडद दिसते, वाळली की रंग एक पायरी फिका पडतो.

नैसर्गिक रंगांत बिटाची पूड सुरेख गुलाबी देते. वास नको असेल तर अगदी कमी घाला. वाळलेली गोकर्णाची फुलं चमचाभर गरम पाण्यात भिजवून ते निळं पाणी वापरा. आंबट पदार्थाशी गाठ पडली की हा रंग जांभळट-गुलाबी होतो. काचेच्या कपात फिकट लिंबूचहा असेल तर हा बदल डोळ्यांदेखत दिसतो, दाट चहात मात्र काहीच कळत नाही. लाल अंबाडीच्या बोंडांचा अर्क आंबट असतो, दुधाच्या चहासाठी तो टाळलेला बरा. हे नैसर्गिक रंग ऊन आणि उष्णता दोन्हींनी फिके पडतात, म्हणून ओव्हन नको आणि डबा अंधारात.

एकाच साच्यात दोन रंगही येतात. गुलाबाच्या मध्यभागी चिमूटभर गडद गुलाबी दाबायची, उरलेला खळगा फिक्या गुलाबीने भरायचा. उलटं केलं की फुलाचा गाभा गडद आणि पाकळ्या फिक्या. हे पहिल्यांदा बघाल तेव्हा पुढचे सगळे साचे असेच भराल.

केवडा_७

माझं मत वेगळं. चहाच्या टेबलावर साखर पांढरीच असावी. पांढऱ्या फुलावर नक्षी सावलीने उठते, रंगात ती हरवते. आणि पांढरी वडी कपात पडली की चहा चहाच्याच रंगाचा राहतो.

जपानात वासानबोन नावाची फार बारीक दाण्याची साखर आहे, शिकोकू बेटावरच्या कागावा आणि तोकुशिमा भागांत करतात. ती कोरलेल्या लाकडी साच्यांत दाबून फुलं-पानं बनवतात आणि चहाच्या आधी खायला देतात, कपात टाकत नाहीत. त्यातल्या न रंगवलेल्या, नुसत्या हस्तिदंती रंगाच्या फुलांपुढे मला दुसरं काही दिसत नाही.

नीलमोहर

केवडा, तिथेही फिके रंग देतातच की! हिवाळ्यात एक, वसंतात दुसरा. पण फिके असावेत यावर आपलं एकमत. गडद लाल आणि गर्द हिरवा मलाही चहाशेजारी बघवत नाही.

चहाटळ

चमकीचं काय? चांदण्यांवर सोनेरी चमकी फार भारी दिसेल असं वाटतंय.

सांजवेळ

चमकी घेताना डबीवरची अक्षरं नीट वाचा, हे कळकळीने सांगते. «बिनविषारी» किंवा «फक्त सजावटीसाठी» लिहिलेली चमकी खाण्यासाठी नसते. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने याबद्दल स्पष्ट इशारा दिलेला आहे. «खाद्य» असं लिहिलेलं आणि घटकांची यादी छापलेली असेल तरच वापरा. आणि इथे तर चमकी चहात मिसळून पोटातच जाणार आहे.

तेच फुलांचं. वाळलेल्या गुलाबपाकळ्या चुरून घातल्या तर छान दिसतात, पण त्या खाण्यासाठी पिकवलेल्या, फवारणी न केलेल्या हव्यात. बागेतलं कुठलंही सुंदर फूल उचलून चालत नाही. कण्हेर तर मुळापासून पाकळीपर्यंत विषारी.

पाऊलवाट

स्वादाचं राहिलं. पाण्याऐवजी गुलाबपाणी चालतं, प्रमाण तेच. व्हॅनिलाची शेंग साखरेच्या बरणीत आठवडाभर खुपसून ठेवायची आणि मग तीच साखर वापरायची, हा सगळ्यात सौम्य मार्ग. वेलची-दालचिनीची पूड कपाच्या तळाशी साचते, म्हणून वस्त्रगाळ आणि चिमूटभरच. तेलकट स्वाद अजिबात नको. चहावर तेलाचा तवंग तरंगतो. त्याच कारणाने साच्याला तूप-तेल लावायचं नाही. साचा कोरडा असेल तर काहीच लावावं लागत नाही.

अबोली_के

मी एका ठिकाणी अंड्याचा पांढरा बलक घालायची कृती वाचली होती. वडी मजबूत होते म्हणे. खरं आहे का?

तोळामासा

मजबूत होते हे खरं, पण ती कृती वेगळ्या कामाची. मेक्सिकोत पूर्वजांच्या स्मरणाच्या दिवसांत साखरेच्या कवट्या करतात, त्यात काही कृतींत मेरँगची पूड, म्हणजे मुख्यतः वाळवलेला अंड्याचा पांढरा बलक, घालतात. त्या कवट्या मांडून ठेवायच्या असतात, टिकायला हव्यात. आपली साखर विरघळायला हवी. बलकाने चहावर फेस आणि धागे येतात, शिवाय कच्चं अंडं हा वेगळाच प्रश्न. डिंक घातलेली साखरेची कणीक त्याच जातीची, शोभेला उत्तम, कपात निरुपयोगी.

केवडा_७

शोभेवरून आठवलं, अवांतर आहे पण सांगितल्याशिवाय राहवत नाही. १५७४ साली फ्रान्सचा राजा तिसरा हेन्री व्हेनिसला गेला होता तेव्हा त्याच्या मेजवानीत ताटं, सुऱ्या, हातरुमाल, सगळं साखरेचं होतं. राजाने रुमाल उचलला आणि तो हातात मोडला, असं वर्णन आहे.

रिकामा_कप

आणि चहा साखरेच्या कपात दिला असता तर ढवळायचं कामच नव्हतं!

गुलबक्षी

सगळ्यांचे मनापासून आभार. काल रात्री थोड्या साखरेवर करून बघितलं. चांदण्या तर देखण्या झाल्या, कडा अगदी धारदार. नवीन छोट्या गुलाबाच्या साच्यात मात्र अडचण येते आहे. गुलाब साच्यातून निघतो अखंड, पण सकाळी हात लावला की पाकळ्यांच्या कडा झडतात. पाणी १०० ग्रॅमला एक चमचा, म्हणजे ताईंच्या मापाने बरोबर. साचा सिलिकॉनचा आहे. काय होत असेल?

मृद्गंधा

दोन शक्यता. एक, साखर भरायला वेळ लागला आणि वाडग्यातली साखर तोवर वरून सुकली. भरताना वाडगं ओल्या फडक्याने झाकून ठेव आणि मधूनमधून चोळ. शेवटचे साचे नेहमी ठिसूळ का निघतात याचं उत्तर हेच असतं. झडलेले गुलाब सुरुवातीचे आहेत की शेवटचे, आठवून बघ.

दुसरं, दाणा. चांदणीला जाड दाणा चालतो, पाकळीला नाही. पाकळीच्या कडेची जाडी दोन दाण्यांएवढी असेल तर तिथे पूल बांधायला जागाच नाही. तेवढ्या साच्यासाठी साखर अजून बारीक करून घे.

तोळामासा

मृद्गंधाताईंशी सहमत. अजून एक: सिलिकॉन लवचिक असतं. भरलेला साचा उचलून नेताना तो वाकतो आणि ओल्या पाकळीला डोळ्यांना न दिसणारी चीर जाते. रिकामा साचा आधीच ताटावर ठेवा, तिथेच भरा, आणि ताटासकट हलवा.

गुलबक्षी

झडलेले सगळे शेवटचे आहेत! वाडगं पंख्याखाली उघडं होतं. आणि साचाही हातात धरूनच भरत होते. दोन्ही सुधारून करते.

गुलबक्षी

केले. आज सकाळचे गुलाब अखंड आहेत, ओल्या फडक्याने खरंच फरक पडला. नीलमोहरचा गडद गाभाही करून बघितला. त्यातला एक चहात टाकून घड्याळ लावलं: ढवळल्यावर अर्ध्या मिनिटात पूर्ण विरघळला, तळाशी काही नाही.

आता शेवटचे दोन प्रश्न. एकूण किती करू, आणि डब्यात कसे भरू?

सांजवेळ

वीस जण, प्रत्येकी दोन कप, कपाला दोन वड्या धरल्या तर ऐंशी. थोड्या तुटतील, थोड्या कोणीतरी नुसत्याच तोंडात टाकेल, म्हणून शंभर करा. ४ ग्रॅमच्या हिशेबाने अर्धा किलो साखर पुरून उरेल. साधे, बिनरंगाचे वीस-पंचवीस वेगळे ठेवा, काहींना रंग नको असतो. तुटलेल्या टाकू नका, बरणीत भरून रोजच्या चहाला वापरा.

मृद्गंधा

डबा हवाबंद, पूर्ण कोरडा, एका थरावर बटर पेपर आणि मग दुसरा थर. तीनपेक्षा जास्त थर नकोत, खालच्या पाकळ्या दबतात. वड्या आतपर्यंत वाळल्याशिवाय डबा बंद करायचा नाही; एक मोडून बघ, मध्ये गडद ओलसर ठिपका दिसला तर अजून एक दिवस. फ्रिजमध्ये अजिबात नको, बाहेर काढताच पाणी सुटतं. नीट वाळलेली पांढरी वडी महिनोन् महिने टिकते, म्हणून तुझ्या बेताला अजून पंधरा दिवस असले तरी आत्ता करून ठेवायला हरकत नाही. गुलाबपाण्याच्या वड्या वेगळ्या डब्यात ठेव, नाहीतर सगळ्यांना तोच वास लागतो.

पाऊलवाट

आणि मांडताना साखरेचा चिमटा ठेवा, टोकं सपाट असलेला. दातेरी चिमट्याने पाकळ्या मोडतात. चहाच्या किटलीच्या तोंडाजवळ साखरेची बशी ठेवू नका, वाफेने पहिल्या दहा मिनिटांत वरचा थर चिकट होतो. एका वेळी पंधरा-वीसच बाहेर काढा, बाकी डब्यात, संपतील तशा भरत जा.

गुलबक्षी

चिमटा सपाट टोकांचाच आहे. बशी टेबलाच्या दुसऱ्या टोकाला ठेवते. गुलाबपाण्याचा डबा आजच वेगळा केला. पांढऱ्या पंचवीस उद्या, रंगीत परवापासून.